एमबीबीएसला असताना संशोधन: मराठवाड्यातल्या कॉलेजात सुरुवात कुठून करायची?

पूर्णाकाठचा
नमस्कार मंडळी. मी दुसऱ्या वर्षाला आहे, मराठवाड्यातलंच शासकीय कॉलेज. नाव टाकत नाही, सर लोक इथं वाचतात म्हणे. बॅचमध्ये सध्या "पेपर टाकला का" हा एकच विषय चाललाय. एकानं कुणाच्या तरी केस रिपोर्टमध्ये पैसे देऊन नाव घालून घेतलं. मला तसलं करायचं नाही. पण खरं काही करायचं तर कुणाकडं जायचं, गेल्यावर काय बोलायचं, इथंच गाडी अडते. आमच्याकडं लॅब म्हणजे हिमोग्लोबिन, शुगर आणि लघवी. मुंबई-पुण्याची पोरं जीन-बीन बोलायलेत. इथं राहून काही होतं का, की गुपचूप एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेच्या, नीट पीजीच्या मागं लागावं? विद्यार्थ्यांच्या संशोधनाची ती एसटीएस योजना, तिच्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा.

बालाघाटी
नीट पीजीला संशोधनाचे शून्य मार्क. एवढं भिंतीवर लिहून ठेव. बाकी धागा चालू द्या, मी वाचतोय.

मण्यार
मेडिसिनला रेसिडेंट आहे, तिसरं वर्ष. जीन-बीन सोडून दे. तुमच्या कॅज्युअल्टीत जून ते ऑक्टोबर रात्री काय येतं ते बसून बघ. पाऊस लागला की सापाचे पेशंट सुरू. मोठ्या शहरातल्या चकाचक हॉस्पिटलातल्या पोरांना ते पुस्तकात वाचावे लागतात, तुझ्या दारात ते जीपमधून उतरतात.

एक प्रश्न देतो. साप चावल्यापासून एएसव्हीचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या लसीचा, पहिला डोस लागेपर्यंत किती वेळ जातो? एवढाच. यंत्र नको, रसायन नको, पैसे नकोत. उत्तर तुमच्याच केसपेपरमध्ये पडलंय, फक्त एका जागी नाही. चावल्याची वेळ कॅज्युअल्टीच्या नोटमध्ये, आणि तीही "काल दिवस मावळताना शेतात" अशी. दवाखान्यात आल्याची वेळ केसपेपरवर छापलेली असते. डोसची वेळ डॉक्टरच्या ऑर्डरमध्ये शोधत बसू नको, तिथं "एएसव्ही १० व्हायल, स्टॅट" एवढंच खरडलेलं असतं. खरी वेळ सिस्टरच्या ट्रीटमेंट शीटवर. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट किती वाजता लावली हे लिहिलेलं असलं तर असलं.

आता खरी मेख. घोणस चावली की माणूस ओरडतो, वेळ सांगतो. मण्यार चावतो जमिनीवर झोपलेल्या माणसाला, मध्यरात्री, आणि चावल्याचं कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे म्हणतात पित्त झालं. त्याची चावल्याची वेळ काय लिहिणार? झोपल्याची? उठल्याची? हे तू आधी ठरवायचं, कागदावर लिहायचं, आणि शेवटपर्यंत तेच पाळायचं. संशोधन म्हणतात ते इथं सुरू होतं.

विषय जुना झाला असं कुणी म्हणेल. डब्ल्यूएचओनं सर्पदंश २०१७ साली दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, केंद्राचा कृती आराखडा २०२४ ला आला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणतात. आपल्या तालुक्यातून किती वेळ लागतो हे मात्र आपणच मोजायचं.

पूर्णाकाठचा
दादा, एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पण जुने केसपेपर आम्हाला कोण देणार? रेकॉर्ड रूमच्या दारात गेलं की "काय पाहिजे?" असं विचारतात की आपण चोरी करायला आलोय.

गठ्ठा_क्र_१७
ते "काय पाहिजे" विचारणारा मीच. म्हणजे तुमच्या इथला नाही, दुसऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेकॉर्डला आहे. डॉक्टर नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

पोरं येतात आणि म्हणतात, "मामा, सापाचे सगळे पेपर द्या." बाळांनो, आमच्याकडं सापाचं कपाट नसतं. फायली आयपीडी नंबरनं (भरतीच्या नंबरनं), महिन्यानं लागतात. आधी वॉर्डच्या ॲडमिशन रजिस्टरमधून नंबर उतरवून आणा, मग फाईल निघते. विभागप्रमुख आणि अधीक्षकांच्या सहीचं पत्र आणा. सकाळी येऊ नका, सकाळी पोलीस, कोर्ट आणि विम्याची माणसं असतात. दुपारी तीननंतर या. मोबाईलवर पेपरचे फोटो काढू नका, पेशंटचं नाव त्यात येतं आणि बोलणी आम्ही खातो.

आणि एक कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. मृत्यूच्या आणि एमएलसीच्या (पोलीस केसच्या) फायली आमच्याकडं वेगळ्या ठेवतात, कुलपात. बऱ्याच ठिकाणी तसंच असतं. त्या न बघता पोरं गठ्ठे संपवून जातात. मग त्यांच्या अभ्यासात कुणी मरतच नाही.

पीएसएमवाली
गठ्ठा_क्र_१७, तुमचं शेवटचं वाक्य मी उद्या वर्गात सांगणार आहे.

मी सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवते. पूर्णाकाठचा, तू विचारलेलं एक एक घेते.

एसटीएस म्हणजे आयसीएमआरची, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. १९७९ पासून चालू आहे, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. काम दोन महिन्यांचं. अर्ज ऑनलाइन, वर्षातून एकदा. तारखा दर वर्षी हलतात, म्हणून आयसीएमआरच्या साइटवर स्वतः बघत जा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखेवर जाऊ नको. गाइड कॉलेजचे पूर्णवेळ अध्यापक लागतात, रेसिडेंट चालत नाही. इंटर्नशिप लागली की तुझा हक्क संपला, म्हणजे दुसरं वर्ष हीच योग्य वेळ. मानधन आणि प्रमाणपत्र दोन्ही अहवाल मंजूर झाल्यावर मिळतं. प्रस्ताव मंजूर झाला म्हणून घरी पेढे वाटणारे आणि अहवालच न पाठवणारे दर वर्षी असतात.

एथिक्स, म्हणजे कॉलेजच्या नैतिकता समितीची मंजुरी. आधी माहिती गोळा करू, मंजुरी मागाहून घेऊ, हे चालत नाही. कुणी सीनियर "होऊन जातं" म्हणाला तरी नाही. मागच्या तारखेचं मंजुरीपत्र कुठलीच समिती देत नाही, देत असेल तर त्या समितीपासून लांब राहा. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं फुकट उतरवून घेता येतात, सगळी नको, संमतीचं प्रकरण वाच. जुन्या केसपेपरवर काम असेल, नावं-पत्ते काढून टाकणार असशील, तर पेशंटची संमती माफ होऊ शकते. पण ती माफी समितीनं द्यायची, तू स्वतःला द्यायची नाही. समितीची बैठक रोज नसते. सदस्य-सचिवांच्या ऑफिसात जाऊन पुढची बैठक कधी हे विचार आणि तिथून मागं दिवस मोज.

गाइडकडं जाताना "सर, मला रिसर्च करायचाय" असं म्हणत जाऊ नको. ते ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. एका पानावर प्रश्न, कुठल्या पेशंटचा, माहिती कुठून मिळणार, एवढं लिहून ने. पान चुकलेलं असलं तरी बिघडत नाही. पान असलेला विद्यार्थी महिन्यातून एखादा येतो, त्याला कुणी बाहेर काढत नाही.

सोयाबीन_३३५
लँगरहॅन्सनं स्वादुपिंडातली बेटं शोधली १८६९ ला, विद्यार्थी असताना. मॅकलीननं हिपॅरिन १९१६ ला, तोही विद्यार्थीच. चार्ल्स बेस्ट हा पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला, १९२१ ला बँटिंगबरोबर इन्सुलिनवर लागला. आणि आम्ही दुसऱ्या वर्षात मेसच्या डाळीत डाळ शोधतोय.

बालाघाटी
हे गॅदरिंगच्या भाषणाला ठेव. लांब कशाला जायचं, डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. एमबीबीएस करून महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, विंचवाचे पेशंट रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, आणि विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध वापरायचं काम १९८६ ला लॅन्सेट या जर्नलमध्ये छापून आलं. पद्मश्री २०२२ ला मिळाली. तिथं कुठली पीसीआर होती?

सोयाबीन_३३५
म्हणजे नीट पीजीच्या शून्य मार्कांचा मुद्दा तूच मागं घेतलास तर.

बालाघाटी
नाही घेतला. शून्य ते शून्यच.

परांडा_भूम
बावस्करांचं ठीक, पण आपल्याच भागात जगभर वाचलं गेलेलं काम झालंय आणि आमच्या कॉलेजात कुणी त्याचं नाव काढलं नाही, याचा मला राग आहे.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि डब्ल्यूएचओची ल्यॉनची कॅन्सर संस्था. गावांचे ५२ गट केले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं की कुठल्या गटाला एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची), कुठल्या गटाला पॅप स्मिअर (पेशींची तपासणी), कुठल्या गटाला नुसतं व्हिनेगर लावून बघणं, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. २००९ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं: एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. चौथ्या गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. आणि बार्शीची कॅन्सर नोंदणी १९८७ पासूनची, देशातली पहिली ग्रामीण. तिच्यात आमचे परांडा आणि भूम तालुके होते. मोजणारी माणसं आधीपासून होती म्हणून पुढचा अभ्यास उभा राहिला.

निळी_शाई
परांडा_भूम, अर्धंच सांगितलंत. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणीच केली नाही, यावर पुढं बरीच टीका झाली. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला ठाऊक असताना हजारो बायकांना नुसतं मोजत राहायचं? श्रीमंत देशात असं करू दिलं असतं का?

परांडा_भूम
टीका वाचलीय आणि ती हलकी नाही. करणाऱ्यांचं म्हणणं होतं की त्या भागात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच. मला ते पूर्ण पटत नाही. पण तो निबंध न वाचता एथिक्सचं प्रकरण पाठ करण्यापेक्षा, निबंध वाचून असं भांडावं. पोरांना दोन्ही द्या.

पीएसएमवाली
हे भांडण मला फार आवडलं. वेगळा धागा काढा, मी येते.

कॅलिफोर्निया_व्हाया_कळमनुरी
दुसरी बाजू सांगतो. अमेरिकेला जायचं असेल तर तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची पहिली परीक्षा, स्टेप १, जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास आहे. स्कोअरचा भाव गेला, म्हणून सीव्हीवरच्या निबंधांचा भाव वाढला. आमच्यासाठी संशोधन म्हणजे सरळ गरज आहे, लाजायचं काय त्यात. फक्त "तीन दिवसांत स्वीकृती, फी भरा" असं ईमेल आलं की डिलीट करा. तिकडच्या प्रोग्रामची माणसं जर्नलचं नाव बघतात. मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीत ते आहे का हे एनएलएमच्या, अमेरिकेच्या वैद्यकीय ग्रंथालयाच्या, कॅटलॉगमध्ये फुकट तपासता येतं, दोन मिनिटांचं काम. "आमचं जर्नल गूगल स्कॉलरवर आहे" याला काही अर्थ नाही, तिथं सगळंच असतं.

पूर्णाकाठचा
सगळ्यांचे आभार. सापाचं डोक्यात बसलं होतं, पण आमच्या युनिटचे सर म्हणाले, फॅमिली ॲडॉप्शनचं (विद्यार्थ्यांनी कुटुंबं दत्तक घ्यायचं) गाव आहेच, दिवाळीनंतर तिथं घरोघरी बायकांचं हिमोग्लोबिन कर, सोपं पडेल. गाव बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून. डिसेंबरमध्ये पोस्टिंगला सवड असते. करू का?

पीएसएमवाली
डिसेंबरमध्ये त्या गावात कधी गेलायस का? जा एकदा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको दोघं मिळून एक कोयता, लहान पोरं सोबत. गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधल्या काळात वस्तीवर निम्म्या दारांना कुलूप. उघड्या घरात सासू, शाळेला ठेवलेली एखादी पोर आणि शेळ्या. तू प्रामाणिकपणे प्रत्येक उघडं दार वाजवशील, प्रत्येक बोटाला टोचशील, आणि ज्या बाईचं हिमोग्लोबिन सगळ्यात कमी असायची शक्यता आहे ती सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असेल. निघालेला आकडा बरा दिसेल. तोच कुणीतरी पुढं वापरेल.

"बंद घरं वगळली" असं पद्धतीत एक ओळ लिहून पोरं सुटतात. बंद घर हाच तिथला निष्कर्ष असतो. किती बंद, का बंद, कधीपासून, एवढं शेजारणीला विचारून लिहिलंस तरी तुझा अभ्यास दहापट बरा. नाहीतर मे महिन्यात कर, सगळे घरी असतात, लग्नसराई असते, पण ऊन मरणाचं.

आणि गावात गेल्यावर दोन गोष्टी. म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं की "असंल साठ-सत्तर" म्हणतात, ते लिहू नको. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का, तेव्हा लग्न झालं होतं का, किल्लारीचा भूकंप झाला १९९३ ला तेव्हा पोरं केवढाली होती, असं विचारत गेलं की चार-पाच वर्षांच्या आत वय सापडतं. आणि तंबाखू खाता का विचारल्यावर बाई नाही म्हणते, तिची मिश्री मात्र चालू असते. ती वेगळी विचार.

निळी_शाई
ऊसतोड निघालीच आहे तर. २०१९ ला सरकारी समितीनं बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्याआधी हा विषय लावून धरला पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी. आजूबाजूला एवढी मेडिकल कॉलेजं असताना आपल्यापैकी कुणी आपल्या वॉर्डातले केसपेपर मोजले नव्हते. इतकं मोठं काही मराठवाड्यात होत नाही म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खाना_नंबर_चार
आकडेमोडीचा माणूस आहे, पोरांच्या फायली शेवटी माझ्याकडं येतात. रडू येतं.

नमुना किती घ्यायचा: घाटीपासून विष्णुपुरीपर्यंत प्रत्येक पोराचा नमुना १००. का? ४ गुणिले पी गुणिले क्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे शंभरात किती जणांना ते असेल, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे किती इकडं-तिकडं चालेल. पी ५०, क्यू ५०, एल १० धरला की १०० येतो, आणि तो सोयीचा असतो. पण एल १० म्हणजे खरा आकडा ४० ते ६० मध्ये कुठंही. एवढं मोघम तर शेजारचा सलूनवालाही सांगेल. आधीच्या अभ्यासातून पी ३० मिळाला आणि तुला सहा इकडं-तिकडं चालणार असेल तर ४ × ३० × ७० भागिले ३६, म्हणजे २३३. दहा टक्के माणसं हाती लागणार नाहीत असं धरलं तर २५९. हे काम सुरू व्हायच्या आधी करायचं. पेपर लिहिताना सूत्र मागून चिकटवलं की लगेच कळतं.

एक्सेल: एक पेशंट, एक ओळ. वयाच्या रकान्यात "४५ वर्षे" लिहायचं नाही, ४५ लिहायचं. एकाच रकान्यात होय, हो, वाय आणि बरोबरची खूण अशा चार भानगडी करायच्या नाहीत. माहिती नसेल तर शून्य टाकायचा नाही, कारण शून्य म्हणजे शून्य. रंग भरून अर्थ सांगायचा नाही, पिवळा म्हणजे मेलेला हे सॉफ्टवेअरला कळत नाही. एपी इन्फो, जामोवी, आर ही सगळी फुकट आहेत, चोरीचं एसपीएसएस नको. गावात रेंज नसेल तर कोबो टूलबॉक्स मोबाईलवर ऑफलाइन चालतं.

पोस्टपार्टम_वॉर्ड
कुणी बोलत नाहीये म्हणून विचारते. काम सगळं मी केलं, पेपरात नाव पाचवं. पहिल्या चारांतल्या दोघांना मी ओळखत पण नाही.

मण्यार
ताई, हे सगळीकडं आहे. आयसीएमजेईचे, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, लेखक कोण याचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा सुधारण्यात हात, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कुणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी. चारही पाहिजेत. ओळखत नाही त्यांनी कुठला पाळला असेल? पण छापून आल्यावर भांडण करून काही हाती लागत नाही, वर्षं त्याच विभागात काढायची असतात. एकच उपाय चालताना पाहिलाय: प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर नावं आणि क्रम लिहून त्यावर गाइडची सही घ्यायची. मागताना आवाज जरा नरम ठेवायचा.

पीएसएमवाली
आमच्याही बाजूचं सांगते. बढतीला निबंध लागतात, म्हणून दबाव असतो, आणि दबावात माणसं वाकडं वागतात. हे समर्थन नाही. मण्यारचा उपाय बरोबर आहे. चांगला गाइड सहीला नाही म्हणत नाही, आणि नाही म्हणाला तर तुला तिथंच कळलं.

पूर्णाकाठचा
अपडेट. साप धरलाय. मेडिसिनच्या मॅडम गाइड व्हायला तयार झाल्या. पान घेऊन गेलो होतो, त्यांनी त्यावर लाल पेनानं बरंच काही काढलं, पण ठेवून घेतलं. प्रश्न आता असा: २०२३ आणि २०२४ मध्ये दाखल झालेल्या, एएसव्ही लागलेल्या पेशंटमध्ये चावल्यापासून पहिल्या डोसपर्यंतचा वेळ किती, आणि त्याचा व्हेंटिलेटर, डायलिसिस, मृत्यू यांच्याशी संबंध काय. मृत्यूच्या फायलींचं पत्रात वेगळं लिहिलंय. मण्यार चावलेल्यांची वेळ "झोपताना ठीक होता ती शेवटची वेळ" अशी धरायचं ठरलं. एथिक्सची बैठक पुढच्या महिन्यात. अजून काही राहिलं का?

मण्यार
राहिलं. तुझ्याकडं येणारे बरेच पेशंट ग्रामीण रुग्णालयातून रेफर होऊन येतात. पहिला डोस तिथंच लागलेला असतो. तुझ्या सिस्टरच्या शीटवरचा डोस त्यांचा दुसरा किंवा तिसरा. तो पहिला म्हणून घेतलास तर सगळ्यात लवकर औषध मिळालेली माणसं तुझ्या आकड्यात सगळ्यात उशिराची दिसतील.

गठ्ठा_क्र_१७
रेफर चिठ्ठी फाईलच्या सगळ्यात मागं असते, टाचणीला. कधी कधी ती केसपेपरच्या पाठीलाच चिकटवलेली असते, उलटून बघा. बाहेरच्या डोसची वेळ त्यावर असते, पण आमच्याकडं तारीख आणि वेळ एकात एक लिहितात, ८ वाजता की ८ तारीख ते नीट बघा.

खाना_नंबर_चार
आणि त्याला दोन रकाने कर. "पहिला डोस कुठं" आणि "पहिल्या डोसची वेळ". चिठ्ठी सापडली नाही तर वेळ कोरी ठेव, अंदाजानं भरू नको. पहिले दहा पेपर भरून फाईल इथं टाक, नावं काढून. उरलेले त्यानंतर.